बाबा दुसऱ्या अंकातच उठले

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथलं नाटक पाहून पहाटे पाचला घरी आलो, झोप काही लागत नाही, डोकं गरम आहे म्हणून लिहून टाकतो. पोस्ट लांब होणार, आधीच सांगतो.

नाटक दोन भावांचं होतं. धाकट्याच्या पोराला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचंय म्हणून तो म्हणतो धानाची बांधी विका, आणि मोठ्यानं बाप मरताना त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिलाय की शेताचा धुरा, म्हणजे बांधसुद्धा, विकू देणार नाही. पहिला अंक असा रंगला की बिछायतीवरची पोट्टी गप, मागं शेकोटीजवळ बसलेले बुढेसुद्धा उठून पुढं आले. मग लावणी झाली, वन्स मोर झाला, माईकवर बक्षिसं वाचून झाली आणि दुसऱ्या अंकात धाकटा आला तो हातात बाटली घेऊन! म्हणे पोरगा आजारी नव्हताच, जुगाराचं कर्ज होतं. झालं. शिट्ट्या, शिव्या, मोठा भाऊ एका मिनिटात देव.

बाजूला बसलेले बाबा शाल सावरत उठले. म्हटलं काहून जी? तर म्हणाले, "आता का पाहाचं? चूक कोनाची ते समजलं ना." आणि गेले चहा प्याले.

चौथी शिकलेला माणूस. त्याला जे कळलं ते त्या लिहिणाऱ्याला का कळू नये, याचाच राग येऊन राहिला मले.

आमच्या घरची गोष्ट जवळच्या मित्रांना माहीत आहे. 2014 चं साल. मे महिन्यात कोर्टानं शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) बंद केला आणि त्याच वर्षी ताईचा नर्सिंगला नंबर लागला. आमची लाख्या-चांद्याची जोडी पटात पळालेली, पण आता उतार वयाची. पट होता तेव्हा लोक जोडी पाहायला दारात यायचे, बंदी आल्यावर कुत्रं विचारेना. म्हाताऱ्या बैलाला शेतकरी घेत नाही, दलाल घेतो, आणि दलाल कुठं नेतो हे काय लिहायचं. बाबा म्हणाले, ज्यानं बारा वर्षं वखर ओढला त्याले त्याच्या हाती देऊ? आई म्हणाली, बैल वाचवता तं वाचवा जी, पोरगी घरी बसते मंग. आठ दिवस घरात हेच. मी नववीत, रोज रात्री बाजू बदलायचो. आईचं ऐकलं की आई खरी, बाबा गोठ्यात जाऊन बसले की बाबा खरे.

सांगा ना, बाटली कोणाच्या हातात द्यायची? आईच्या का?

हो, जगात शुद्ध हरामखोर असतात, माझ्या आजाची दीड एकर सावकारानंच गिळली, त्याच्यावर नाटक करा, मी शिट्टी मारतो. आणि थंडीत रात्रभर बसणाऱ्या माणसाला एखादा शिव्या द्यायला पाहिजे, हेही मान्य. पण मग पहिला अंक तसा लिहायचा कशाला? दोन खऱ्या माणसांना समोरासमोर उभं केलं तुम्ही, एकाच्या पदरात पोरगा, दुसऱ्याच्या पदरात बापाला दिलेला शब्द. आता निस्तरायची वेळ आली तर एकाला दारू पाजून पळून गेले राव! ही सरळ चोरी आहे.

सप्ताहात महाराज कर्णाचं लावतात तेव्हा पाहा. कुंती येते, म्हणते तू माझा पहिला लेक. ज्या दुर्योधनानं भर सभेत अंगदेशाचा राजा केलं त्याला तो ऐन युद्धात सोडत नाही, आणि आईला रिकाम्या हातीही पाठवत नाही. अर्जुन सोडून चौघांना मारणार नाही म्हणतो, तुझे पाच लेक पाचच राहतील. शेवट माहीत नाही अशी एक बाई नसते मांडवात, तरी दरवर्षी पदर डोळ्याला. कोणाची बाजू घ्यावी तेच कळत नाही म्हणून रडतात ना त्या.

आता थोडं शांत होऊन लिहितो. झाडीपट्टीला शिव्या देणारा मी नाही. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आठ दिवस स्टेटस ठेवलं होतं मी. गडचिरोलीतल्या वडसाच्या नाटक कंपन्या एका सीझनला किती गावं मारतात, दिवसा गाडीत झोपतात, रात्री उभ्या राहतात, हे आपण सगळे पाहतो. कालचा मोठा भाऊ करणारा नट तर असा होता की मले माझे बाबाच दिसत होते. म्हणून तर जास्त लागलं.

बाबा बैल घेऊन गेले ते पोळ्याच्या चार दिवस आधी, कारण फीच्या हप्त्याची तारीख पोळ्यापर्यंत थांबणार नव्हती. सकाळी अंगणात दोघांना धुतलं, शिंगांना रंग लावला, शेजारचे विचारत होते एवढ्यात काहून जी, कोणाला काही सांगितलं नाही. पायीच गेले बाजाराला. रात्री आले ते कासरा घेऊन. पैसे आईच्या पुढ्यात ठेवले आणि न जेवता झोपले. आईही जेवली नाही. जिंकलेली होती ना ती, तरी. त्या पोळ्याला तोरणाखाली आमच्या घरचं कोणीच नव्हतं. पुढं 2021 च्या डिसेंबरात पट परत सुरू झाला, गावात फटाके फुटले, बाबा त्या दिवशी शेतातून उशिरा आले.

कासरा अजून गोठ्यातल्या खुंटीला आहे. गोठ्यात आता मोटारसायकल असते.

काल ताईही आली होती मंडईला, ड्युटी बदलून. बाबा उठले तशी पोराला माझ्या मांडीवर देऊन तीही मागं गेली. लांबून दिसत होते दोघं, शेगडीजवळ ग्लास धरून उभे. काय बोलले मले माहीत नाही, तिसरा अंक सुरू झाला तरी आले नाहीत.

आज शेजारच्या गावात दुसऱ्या कंपनीचं नाटक आहे. बाबा सकाळपासून दोनदा विचारून गेले, जाचं का म्हणून. ताई म्हणते खुर्चीची तिकिटं मी काढते.