संप चिघळला

"मी संप करणार आहे," असं मी जेवताना जाहीर केलं, तेव्हा बायकोनं पोळी वाढता वाढता शांतपणे विचारलं, "पगार कापतील का हो?"

तो संप नव्हे, म्हटलं. माशांच्या टाकीखाली दुसरी टाकी ठेवतात, तिला संप म्हणतात. वरचं घाण पाणी पाइपानं खाली येतं, खालच्या टाकीत गाळलं जातं आणि पंपानं परत वर जातं. "म्हणजे घरात आणखी एक टाकी," एवढंच तिनं त्यातून घेतलं आणि आमटी वाढली.

हे सगळं आबासाहेबांपायी. आबासाहेब म्हणजे आमचा ऑस्कर मासा. आणला तेव्हा दोन इंचांचा होता. तो किती वाढतो हे मी विचारलं नाही आणि दुकानदारानं सांगितलं नाही. स्थळं बघताना दोन्हीकडची मंडळी पाळतात तसली ती सभ्यता होती. हा मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला आणि फूटभर होणारा, हे मला नंतर कळलं. महिन्याला एक इंच या हिशेबानं तो वाढत गेला. दोन फुटी टाकी जाऊन चार फुटी आली. नाव लेकीनं ठेवलं. खालचा ओठ पुढे, डोळे वटारलेले आणि जेवायला पाच मिनिटं उशीर झाला तर भिंतीकडे तोंड करून बसायचं. त्याला 'गोल्डी' वगैरे म्हणणं शक्यच नव्हतं.

आबासाहेब भरपूर खातात आणि खाल्ल्याचं पुढे जे काही होतं तेही भरपूर होतं. चार बाय दीड बाय दीड फूट म्हणजे अडीचशे लिटर पाणी. ते रविवारी बदललं तरी बुधवारी कढणासारखं दिसायचं. मोठा तयार फिल्टर दहा हजारांच्या पुढे होता. त्याच पैशांत आबासाहेबांसारखे वीस मासे आले असते, पण हा विचार मी त्यांच्यासमोर मोठ्यानं केला नाही. एक वही घेतली, पहिल्या पानावर 'संप' लिहिलं आणि खाली लिहिलं : 'एकूण खर्च रु. २०००. कमाल.' 'कमाल'खाली दोन रेघा मारल्या. ती वही अजून आहे. बायको ती कधी कधी पाहुण्यांना दाखवते.

टाकीसाठी खर्च करायचाच नाही असं ठरवलं होतं. माळ्यावर प्लॅस्टिकचा मोठा पारदर्शक डबा होता. त्यातली पांघरुणं काढून पलंगावर ठेवली (ती पुढे दोन महिने तिथेच होती) आणि डब्यात कप्पे पाडायला ॲक्रिलिकचे तुकडे सिलिकॉननं चिकटवले. सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो. घरात दोन दिवस चायनीजच्या गाडीजवळ राहिल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी पाणी भरलं. आधी डब्याचं पोट सुटलं, मग आणखी सुटलं आणि मग आतला एक कप्पा वाळलेल्या खपलीसारखा अलगद सुटून वर तरंगायला लागला. सिलिकॉन काचेला जन्माचं चिकटतं, पण असल्या डब्यांच्या प्लॅस्टिकला ते धरतच नाही. ही गोष्ट जगातल्या प्रत्येक मत्स्यपालकाला माहीत आहे, हे मला त्याच रात्री कळलं.

मग काच. आईच्या जुन्या शोकेसच्या सरकत्या काचा गॅलरीत पडून होत्या. त्या काचवाल्याकडून कापून आणल्या आणि अडीच बाय एक बाय एक फुटाची टाकी चिकटवली. या वेळी सिलिकॉन विचारून घेतलं, कारण बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारायचं औषध असतं आणि ते माशांनाही सोडत नाही. टाकी उत्तम झाली. फक्त मधल्या एका कप्प्याच्या काचेला सरकवण्यासाठी अंगठ्याची खाच आहे. पाणी बरोबर तिच्यातूनच पलीकडे जातं, आणि आलेल्यांना वाटतं की हे मी मुद्दाम केलंय. मीही नाही म्हणत नाही.

इथपर्यंत वहीत एक हजार चारशे झाले होते. उरलेल्या सहाशेत फक्त पाइप बसवायचे होते.

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी आहे. खिळ्यापासून पिंपापर्यंत जे काही माणसाला जोडायचं, तोडायचं किंवा टांगायचं असेल ते सगळं त्या गल्लीत मिळतं, फक्त स्कूटर लावायला जागा मिळत नाही. एका दुकानात गेलो आणि म्हणालो, "एक इंची पाइप द्या. आणि वळणांना एल्बो."

"कुठला एक इंच?" दुकानदार म्हणाला.

मला वाटलं, गंमत करतोय. मी बोटांनी इंच दाखवला. त्यानं माझ्या बोटांकडे बघितलं नाही. "यूपीव्हीसी, सीपीव्हीसी की शेतीचा? बाथरूम आहे का किचन?"

"मासा आहे," मी म्हणालो.

त्यानं मागच्या गिऱ्हाइकाला आधी घेतलं.

आता नीट ऐका, कारण हे शाळेत शिकवत नाहीत. नळाच्या पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपाचा एक इंच बाहेरून मोजला तर ३३.४ मिलिमीटर भरतो. गरम पाण्याच्या पिवळसर सीपीव्हीसीचा एक इंच २८.६ भरतो. शेतीच्या राखाडी पाइपाला लोक एक इंची म्हणतात, तो ३२ असतो. आणि इंच म्हणजे २५.४. म्हणजे दुकानात तीन प्रकारचा एक इंच मिळतो आणि त्यातला एकही एक इंच नसतो. मी पाइप एका जातीचा, एल्बो दुसऱ्या जातीचे आणि टाकीचं निप्पल तिसऱ्या जातीचं घेऊन घरी आलो. कशात काही जाईना. जे जाईल असं वाटलं ते ठोकून घातलं, आणि मग ते निघेना. दुसऱ्या दिवशी परत बोहरी आळी. "बदलून मिळणार नाही" ही पाटी मी आदल्या दिवशी वाचली नव्हती, कारण मी तिच्याखालीच उभा होतो.

असा मी एकूण सहा वेळा गेलो. तिसऱ्या फेरीला दुकानदार "या, मासावाले" म्हणाला. पाचव्या फेरीला त्यानं चहा मागवला. सोल्यूशनचा डबा, टेफ्लॉन टेप, बॉल व्हॉल्व्ह, युनियन, रिड्यूसर अशी नवीन नातेवाइकांची नावं पाठ व्हावीत तशी मला ती नावं पाठ झाली. वहीत मी 'पाइप' असं लिहून रक्कम लिहायची सोडून दिली. महिन्याला इंचभर वाढणारे आमचे आबासाहेब, त्यांचा इंच तरी खरा होता.

पाणी खाली आणायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे काचेला भोक पाडणं. काच टफन, म्हणजे तापवून कडक केलेली, असेल तर ती भोक पाडू देत नाही, एकदम तांदळासारखी सांडते. आमची साधी होती, पण तिच्यात अडीचशे लिटर पाणी आणि आबासाहेब होते, आणि ड्रिल माझ्या हातात होतं. बायकोनं फक्त "अहो" म्हटलं. त्या एका शब्दात तिनं जेवढं सांगितलं त्यावरून मी दुसरा मार्ग धरला : काठावरून पलीकडे उतरणारा पाइपांचाच सायफन. एल्बोला एल्बो लावत तो टाकीच्या काठावर चढवला, तोंडानं हवा ओढली, आबासाहेबांच्या पाण्याचा एक घोट पोटात गेला आणि धार सुरू झाली. चवीबद्दल विचारू नका.

पंप कूलरचा होता. स्वस्त. खोक्यावर लिहिलं होतं, ताशी ११०० लिटर, उंची १.८५ मीटर. मी खूश होतो, कारण मला सव्वा मीटरच न्यायचं होतं. चालू केला तर वरच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडायला लागलं, पिंडीवरच्या अभिषेकासारखं. खोक्यावरचे दोन्ही आकडे खरे असतात, फक्त एकाच वेळी खरे नसतात. पाणी चढवायचंच नसेल तेव्हा ११०० लिटर, आणि पंप जास्तीत जास्त १.८५ मीटर चढवतो म्हणजे त्या उंचीला धार शून्य. मोठा पंप आणला. वहीत त्याची किंमत 'दिवाळी खर्च' या पानावर आहे.

खालच्या कप्प्यांत भरायला जिवाणूंची वस्ती लागते. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बरंच सोसवतं. ही मंडळी खडबडीत जागेवर राहतात आणि पूर्ण वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. त्यांना राहायला मिळणारे प्लॅस्टिकचे तयार चेंडू महाग, म्हणून मी भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या चार डझन आणल्या. वाण्यानं विचारलं, "मेस काढली का?" शिवाय लाव्हा दगड लागतो. तो किलोवर विकतात हे वाचून मला हसू आलं, कारण आपला अख्खा सह्याद्री लाव्ह्याचाच आहे. सिंहगडाला गेलो तेव्हा पायथ्याच्या रस्त्याकडेचे भोकाभोकाचे काळे दगड पिशवीत भरून आणले. "लोक गडावरून पिठलं-भाकरी खाऊन येतात," बायको तिच्या आईला फोनवर सांगत होती.

संप चालू झाला. पाणी आरशासारखं होऊ लागलं. फक्त आवाज. खाली जाणारं पाणी हवा ओढायचं, हवा घशात अडकायची आणि दर बारा सेकंदांनी कुणीतरी हॉलमध्ये संडासाची साखळी ओढल्यासारखं व्हायचं. आई रात्री दोनदा उठून आमच्या बाथरूमचा फ्लश तपासून आली. तिला मी कारण सांगितलं. "हॉलमध्ये?" एवढंच ती म्हणाली. काठापलीकडे खाली उतरणाऱ्या पाइपाच्या वरच्या टोकाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून, त्यावर टोपण घालून, टोपणाला बारीक भोक पाडलं की हवेला जायला वाट होते आणि घरघर थांबते. थांबली. पण टी म्हणजे सातवी फेरी.

आणि मग गुरुवारी, म्हणजे वीजवाल्यांच्या दुरुस्तीच्या वारी, सकाळी वीज गेली.

मी ऑफिसात होतो. पंप बंद पडला की पाणी जिथल्या तिथे थांबेल अशी माझी समजूत होती. पाण्याची तशी नव्हती. वर जाणाऱ्या नळीचं तोंड मी टाकीत सहा इंच खोल सोडलं होतं, कारण तसं छान दिसतं. पंप थांबताच तीच नळी उलटी वाहू लागली आणि वरची टाकी खाली रिकामी व्हायला निघाली. संध्याकाळी सातवीतल्या लेकीनं वहीत मांडून दाखवलं : "बाबा, चार गुणिले दीड म्हणजे सहा चौरस फूट. पाणी एक इंच उतरलं की चौदा लिटर. सहा इंचांचे चौऱ्याऐंशी. खाली तीसच लिटरची जागा होती. म्हणजे चोपन्न लिटर कुठे गेले?"

कुठे गेले ते मला माहीत होतं. ते हॉलमधून दाराखालून जिन्यावर आणि जिन्यावरून एकेक पायरी उतरत खालच्या काकांच्या पायपुसण्यापर्यंत गेले होते. काका वर आले तेव्हा बायको पलंगावरच्या पांघरुणांनी पाणी टिपत होती. पांघरुणं बाहेरच राहिली होती ते एका अर्थी बरं झालं, असं मी तिला नंतर म्हणालो. तसं म्हणायला नको होतं.

"पाइप फुटला का?" काकांनी विचारलं.

"संप आहे," ती म्हणाली.

"अजून मिटला नाही?"

उपाय असा होता की नळीला पाण्याच्या पातळीच्या अर्धा इंच खाली एक भोक पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. चौऱ्याऐंशीच्या जागी सात लिटर. गॅसवर खिळा तापवला आणि भोक पाडलं. सगळ्या संपात फुकट झालेली गोष्ट ही एकच. ती मी पहिल्या दिवशी केली असती तर, असं वाक्य घरात कुणी पूर्ण केलं नाही, तेवढी माणसं चांगली आहेत. त्या भोकात शेवाळ साठतं, म्हणून दर बुधवारी रात्री मी टाचणीनं ते साफ करतो. गुरुवार आहे उद्या, म्हणत.

आबासाहेबांनी यातल्या कशाचीही दखल घेतली नाही. सायफनच्या तोंडाला लावलेली जाळी त्यांनी पहिल्याच आठवड्यात उपटून कोपऱ्यात नेऊन टाकली. मी ती रोज लावतो, ते रोज काढतात. वहीतली बेरीज मी केलेली नाही. लेकीनं केली आहे, पण ती मागेल ते मिळतंय तोवर आईला सांगणार नाही.

मागच्या रविवारी बेल वाजली. काका होते. आमच्या टाकीसमोर ते बराच वेळ उभे राहिले, आबासाहेबांनी त्यांच्याकडे आणि त्यांनी आबासाहेबांकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "नातवाला मासे हवेत. ते तयार फिल्टर फार महाग आहेत हो. तुमचं हे घरच्या घरी केलेलं बरं दिसतंय. मला फक्त एक सांगा, एक इंची पाइप घेऊ ना?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"थांबा," मी म्हणालो, आणि माळ्यावरून पिशवी काढली. एकोणीस एल्बो, सहा टी, चार रिड्यूसर, तिन्ही जातींचे. "सगळे एक इंचीच आहेत. घेऊन जा, पैसे नकोत."