जादा वेळेमुळे डॉक्टरांचा दर्जा घसरतो का?

पुण्यातील डॉक्टरांच्या आणि नीट-पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. दिव्यांग उमेदवारांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक (त्यांच्या वतीने उत्तरे लिहिणारा) देणे म्हणजे वैद्यकीय दर्जाशी तडजोड आहे; अत्यवस्थ रुग्ण अशा डॉक्टरला तासामागे २० मिनिटे वाढवून देणार नाही; या सोयीमुळे खोट्या प्रमाणपत्रांना ऊत येतो; आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना सर्व काही मिळतेच, असे त्यातील दावे आहेत. हा मजकूर आपल्याच व्यवसायातील माणसे एकमेकांना पाठवत आहेत, याचे मला फार वाईट वाटते, आणि म्हणूनच त्यातील एकेका दाव्याचा विचार येथे करत आहे.

दर्जाच्या दाव्यात आरक्षण आणि परीक्षेतील सोय या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील कलम ३२ उच्च शिक्षणातील ५ टक्के जागांविषयी आहे, तर जादा वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख कलम १७ मध्ये येतो. आरक्षणावर कोणाला वाद घालायचा असेल तर तो स्वतंत्रपणे घालावा. जादा वेळ मिळालेल्या उमेदवाराची प्रश्नपत्रिका तीच असते, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला उणे १ हा हिशेबही तोच असतो, आणि ज्याला उत्तर येत नाही त्याला ते साडेतीन तासांच्या परीक्षेत ७० मिनिटे अधिक बसून सुचत नाही. दर्जाची एवढी काळजी असणाऱ्यांनी हेही आठवावे की २०२३ मध्ये नीट-पीजीच्या जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा पात्रतेचा पर्सेंटाइल (किती टक्के उमेदवारांच्या पुढे असावे ही अट) सर्वच प्रवर्गांसाठी शून्यावर आणण्यात आला होता. त्या निर्णयाचा दिव्यांगांच्या जादा वेळेशी काडीचाही संबंध नव्हता. शिवाय प्रवेश परीक्षा हे केवळ दार आहे. त्यापुढे तीन वर्षांची निवासी सेवा, प्रबंध आणि विद्यापीठाची लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा असते, आणि वॉर्डात रुग्ण तपासून परीक्षकांसमोर त्याची केस मांडण्यातून कोणाचीही सुटका होत नाही.

जादा वेळ नेमका कुठे खर्च होतो, हे मी एकदा जवळून पाहिले आहे. दृष्टी क्षीण असलेली एक तरुण डॉक्टर सराव चाचणी सोडवत होती. तिला वाचता येईल एवढी अक्षरे मोठी केली की आठ ओळींचा प्रश्न पडद्यावर मावत नसे. पर्यायांपर्यंत खाली यावे तोवर हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनचे आकडे वर निघून गेलेले असत; ते पाहण्यासाठी पुन्हा वर, मग पुन्हा खाली. निदान तिच्या मनात केव्हाच झालेले असे, वेळ जात होता तो पडदा वरखाली करण्यात. तिला दिलेली तासामागची २० मिनिटे या सरकवण्याची भरपाई असते.

यावर कोणी म्हणेल की वेळ वाढवला तर दिव्यांग नसलेल्यांचेही गुण वाढतील. काहींचे वाढतीलही. पण तसे होत असेल तर त्या परीक्षेत ज्ञानाबरोबर वेगही मोजला जात आहे, असा त्याचा अर्थ होतो. २१० मिनिटांत २०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ६३ सेकंद. हा वेग सर्वांसाठी अन्यायकारक वाटत असेल तर प्रश्न कमी करण्याची मागणी जरूर करावी, मी तिला पाठिंबा देईन. परंतु त्यासाठी दिव्यांगांची भरपाई काढून घेण्याचे कारण नाही.

अत्यवस्थ रुग्णाचा दाखला ऐकताना बिनतोड वाटतो, पण कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, काम केलेल्या माणसाने तो द्यावा याचे आश्चर्य वाटते. तेथे श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण या ठरलेल्या क्रमाने अनेक हात एकत्र काम करतात, आणि कोणालाही बारीक टाइपातले चार पर्याय वाचून त्यांतला एक निवडायचा नसतो. उलट घाईने चुका होतात हे ओळखूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी आणली आणि चीर देण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबून रुग्ण, जागा आणि शस्त्रक्रिया यांची खात्री करावी, असे त्यात सांगितले. लेखनिकाबाबतचा गैरसमजही असाच आहे. रायटर्स क्रॅम्पमध्ये लेखणी धरताच बोटे आखडतात, पण तोच हात इतर कामे व्यवस्थित करू शकतो. हा विकार अनेकदा त्या एका कृतीपुरताच असतो, हे आपण सर्वांनी मज्जासंस्थेच्या पुस्तकात वाचलेले आहे. विकास कुमार हे असा विकार असलेले एमबीबीएस पदवीधर. त्यांना नागरी सेवा परीक्षेसाठी लेखनिक नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला की किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासाठी आहे, लेखनिक मिळण्यासाठी ती लावता येणार नाही.

खोट्या प्रमाणपत्रांची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राच्या प्रकरणानंतर पुण्यात ही चर्चा घराघरांत झाली, आणि लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण खोटे प्रमाणपत्र घेणारा आणि ते देणारा यांच्यावर कारवाई करणे हा त्यावरचा उपाय आहे. शिवाय अशा प्रमाणपत्रावर सही करणारे आपल्याच व्यवसायातले असतात, त्यामुळे ही जबाबदारी आधी आपल्याकडे येते. गैरवापर होऊ शकतो एवढ्यावरून खऱ्या गरजवंताची सोय नाकारण्याचा युक्तिवाद वर सांगितलेल्या खटल्यातही झाला होता, आणि न्यायालयाने तो मान्य केला नाही.

गरजवंतांना सर्व मिळतेच, हा दावा तर वस्तुस्थितीला सरळ सोडून आहे. २०२१ च्या नीट-यूजीमध्ये, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेत, डिस्ग्राफिया (लिहिण्यात अडचण येणारा विकार) असलेल्या एका विद्यार्थिनीला नियमानुसार एक तास जादा मिळायला हवा होता, तरी केंद्रावर तिची उत्तरपत्रिका इतरांबरोबरच काढून घेण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिच्यावर अन्याय झाल्याचे न्यायालयाने मान्य केले, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला आठवडाभरात त्यावर उपाय शोधण्यास आणि पुढे केंद्रावरील कर्मचाऱ्यांना या तरतुदींचे प्रशिक्षण देण्यास सांगितले. फेरपरीक्षा मात्र तिला मिळाली नाही.