अलॉयच्या सस्पेन्शन चिमट्यात मोटर का बसवली नाही: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की पुढच्या अलॉय सस्पेन्शन चिमट्यात (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये) हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी विजेची मोटर, बसवायला आम्ही नकार दिला, ‘जुनाट’ आणि जड लोखंडी चिमटा सुचवला आणि सायकल तीन दिवस अडकवून ठेवली. तिसरी तक्रार खरी आहे. चिमटा पहिल्याच दिवशी तपासून झाला होता, फोन तेव्हाच करायला हवा होता. चूक आमची, माफ करा. तपासणीचे पैसे परत करतो आहोत.

नकार मात्र कायम आहे.

साध्या चाकाचा एक्सल (मधला दांडा) चिमट्याच्या टोकाच्या खाचेत नुसता वजन पेलतो. हब मोटरचा एक्सल, मोटर जितक्या जोराने चाक पुढे फिरवते तितक्याच जोराने स्वतः उलटा फिरायला बघतो. त्याला अडवतात त्या फक्त एक्सलच्या दोन चपट्या बाजू, त्यांच्यातलं अंतर जेमतेम १० मिमी. २५० वॅटची गिअरवाली मोटर चढावर ४० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. तो एवढ्याशा अंतरावर पेलायचा, म्हणजे खाचेच्या कडांवर दोन्ही बाजू मिळून सुमारे ४०० किलोचा जोर, आणि तोही दर वेळी थ्रॉटल दाबला की.

लोखंडी खाच अशा जोराने हळूहळू फाकते. नट ढिला पडतो, मोटर सुरू होताना टक्‌ असा आवाज येतो, म्हणजे थांबून बघायला वेळ मिळतो. तुमच्या चिमट्याचे खालचे पाय ओतीव आहेत. ओतीव धातू फाकत नाही, तडकतो, आणि पुढचं चाक निसटलं तर सावरायला क्षणही मिळत नाही. टॉर्क आर्म (एक्सलला फिरू न देणारी पट्टी) लावा म्हणाल, तर ती बांधायची होज क्लिप त्या निमुळत्या पायावर घसरते.

वजनाचा मुद्दा आम्हालाही पटतो, पण हिशेब बघा: मोटर आणि बॅटरी मिळूनच पाच-सहा किलो वाढतात. लोखंडी चिमट्याचं वजन त्यात फारसं जाणवणार नाही. गंजाची भीती असेल तर नळीत आतून तेल मारून घ्या.

तुमची अलॉय फ्रेम वाईट नाही, हे मुद्दाम सांगतो. चिमटा बदलायचा नसेल तर मागची मोटर घ्या. मागच्या खाचांमधलं अंतर १३५ मिमी हवं. कमी असेल तर अलॉय फ्रेम ताणून रुंद करायची नाही. ते लोखंडी फ्रेमला चालतं, अलॉयला वेल्डजवळ चीर पडते. एक्सल खाचेत घट्ट बसला पाहिजे. दोन्ही बाजूंना स्टीलचा टॉर्क आर्म, एकाच बाजूला नाही. नट ४० न्यूटन-मीटरने आवळून पहिल्या ५० किमीनंतर पुन्हा तपासायचे. टॉर्क आर्मसाठी फ्रेमला कुठेही वेल्डिंग करून घेऊ नका. ६०६१ या फ्रेमच्या अलॉयची ताकद वेल्डच्या उष्णतेने बरीच उतरते, आणि पुन्हा उष्णतोपचार केल्याशिवाय ती परत येत नाही. साधा क्लॅम्प पुरतो.

बॅटरीही पाण्याच्या बाटलीच्या स्टँडसाठी असलेल्या दोन स्क्रूंवर सोडू नका. अलॉय नळीत दाबून बसवलेले रिव्हेट-नट, ज्यांत हे स्क्रू बसतात, खड्ड्यांच्या हादऱ्याने सैल होतात, तेव्हा रबर लावलेला पट्टा सोबत हवाच. मागच्या मोटरसाठी सायकल आणलीत तर खाचेचं माप तुमच्यासमोरच घेऊ आणि होकार-नकार त्याच वेळी सांगू.