जावा पडलं, म्हणून डच युद्धातून बाद झाले नाहीत

झाडाझुडपांनी झाकलेल्या एका जहाजाचा काळा-पांढरा फोटो व्हॉट्सॲपवर अधूनमधून येतो. खालचा मजकूर साधारण असा: मार्च १९४२ मध्ये जपानने डचांच्या वसाहतीतलं (आजच्या इंडोनेशियातलं) जावा बेट घेतलं, सगळी वसाहत गेली, डच हवाई दल संपलं, डच शरण आले, उरलेसुरले ऑस्ट्रेलियात पळाले. एक जहाज तर बेटाचं सोंग घेऊन निसटलं. पुढचं सगळं युद्ध अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन लढले, डच मात्र तिथे निर्वासित म्हणून बसून राहिले.

यातली जहाजाची गोष्ट खरी आहे. बाकीची विधानं एकेक करून तपासू.

आधी त्या जहाजाचंच घेऊ. ‘अब्राहम क्राइन्सन’ हे सुरुंग काढणारं छोटं जहाज. दिवसा किनाऱ्याला खेटून फांद्यांखाली उभं राहायचं आणि रात्री पुढे सरकायचं, असं करत ते २० मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर जेराल्डटनला पोचलं. पोस्ट इथे संपते, पण जहाजाची नोकरी संपली नव्हती. त्याच सप्टेंबरात ते ऑस्ट्रेलियन नौदलात दाखल झालं, ताफ्यांना सोबत देण्याचं काम करू लागलं आणि १९४३ मध्ये पुन्हा डच झेंड्याखाली गेलं.

‘पळाले’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो, तो वायव्य ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम गावामुळे. ३ मार्च १९४२ च्या सकाळी ब्रूमच्या रोबक खाडीत डच डॉर्नियर आणि कॅटालिना जातीची समुद्री विमानं इंधनासाठी थांबली होती. जावाहून रात्रभर उडून आलेल्या बायका आणि मुलं आत बसून होती. तिथली भरती-ओहोटी एवढी मोठी, की माणसांना किनाऱ्यावर नेणंही सोपं नव्हतं. तिमोरमधल्या कुपांगहून आलेल्या नऊ जपानी ‘झिरो’ लढाऊ विमानांनी खाडीतली सगळी समुद्री विमानं जाळली. किमान ८८ माणसं गेली. त्यांतली बहुतेक डच निर्वासित होती. खूप ओहोटी लागली की त्या विमानांचे सांगाडे आजही चिखलात दिसतात. त्याच सकाळी गुस विंकेल या डच वैमानिकाने आपल्या विमानातून काढलेली मशीनगन हातावर तोलून गोळीबार केला आणि एक झिरो पाडलं. तापलेल्या नळीने त्याचा हात भाजला. या माणसांना भेकड ठरवणारा मजकूर पुढे पाठवण्याआधी एवढं तरी माहीत असावं.

‘डच हवाई दल संपलं’ हेही खोटं. जावा पडून महिना होतो न होतो तोच, ४ एप्रिल १९४२ रोजी, कॅनबेराला १८ नंबरचं स्क्वाड्रन उभं राहिलं. ते ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या हुकमाखाली होतं, पण वैमानिक मुख्यतः डच, सोबत ऑस्ट्रेलियन गनर आणि जमिनीवरची माणसं, त्यांत जावाचेही लोक. त्यांची बी-२५ मिचेल बॉम्बर विमानं कुणी दान दिलेली नव्हती. डच ईस्ट इंडीजच्या सरकारने पडण्याआधीच अमेरिकेकडे ही विमानं पैसे मोजून मागवली होती. वर्षअखेरीस हे स्क्वाड्रन उत्तर ऑस्ट्रेलियात गेलं. तिथून, पुढे बॅचलरच्या धावपट्टीवरून, तिमोर, आंबोन, केई आणि तनिंबार बेटांवरच्या जपानी तळांवर आणि जहाजांवर ते हल्ले करत राहिलं. डिसेंबर १९४३ मध्ये किटीहॉक लढाऊ विमानांचं १२० नंबरचं दुसरं स्क्वाड्रन उभं राहिलं आणि पुढे मेरौकेला गेलं. मेरौके न्यू गिनी बेटाच्या तेव्हाच्या डच भागात आहे आणि जपान्यांच्या हाती ते कधीच लागलं नाही. म्हणजे ‘सगळी वसाहत गेली’ हे विधानही बरोबर नाही.

मालवाहतुकीबद्दल तर पोस्टमध्ये एक अक्षर नाही, आणि डचांचं सगळ्यात मोठं काम तिथेच झालं. इंडीजच्या बेटांमध्ये फिरणारी केपीएम या डच जहाज कंपनीची वीसहून अधिक जहाजं ऑस्ट्रेलियात निसटून आली होती. या भागातले दोस्त राष्ट्रांचे सेनापती, अमेरिकन जनरल मॅकआर्थर, यांच्या सैन्याकडे तेव्हा जहाजांचा दुष्काळ होता. त्यात ही जहाजं उथळ, प्रवाळाच्या पाण्यात वावरण्याची सवय असलेली. डिसेंबर १९४२ मध्ये ‘कार्सिक’ रात्रीच्या अंधारात न्यू गिनीच्या ओरो बेला पोचलं आणि बुनाच्या लढाईसाठी स्टुअर्ट रणगाडे उतरवले. तेव्हापासून जून १९४३ पर्यंत डच जहाजांचे ताफे मिल्ने बे ते ओरो बे फेऱ्या मारत राहिले. वरून विमानांचं संरक्षण कधी असे, कधी नसे. ‘एस याकोब’ ८ मार्च १९४३ ला बॉम्बने बुडालं. ‘व्हान हेम्सकर्क’ एप्रिलमध्ये मिल्ने बेमध्ये जळालं.

आता आपल्याकडची एक गोष्ट. ‘एका पिटुकल्या भारतीय जहाजाने जपानी जहाज बुडवून डच टँकर वाचवला’ असंही वाचायला मिळतं. ११ नोव्हेंबर १९४२ ला हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला रॉयल इंडियन नेव्हीचं ‘बेंगाल’ आणि डच टँकर ‘ओंडिना’ पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून निघून एकत्र चालले होते. समोर आली ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’, दोन्ही मोठ्या तोफांची जपानी जहाजं. ‘बेंगाल’वर एक १२ पौंडी तोफ, ‘ओंडिना’वर चार इंची एक. ‘बेंगाल’ सरळ शत्रूवर चालून गेलं. ते धाडस निर्विवाद आहे. पण टँकरही पळाला नाही, तोही तोफ डागत राहिला. होकोकू मारूवर गोळा लागला, स्फोट झाला आणि ती बुडाली. गोळा आपलाच, असं दोन्ही जहाजांचं म्हणणं होतं आणि इतिहासकारांचा त्यावर आजही वाद आहे. एकट्या ‘बेंगाल’ला श्रेय देणारी पोस्ट हा वाद लपवते. दारूगोळा संपल्यावर ‘ओंडिना’चे कप्तान विलेम होर्समन ब्रिजवरच मारले गेले. टँकरला टॉर्पेडो लागले, जीवरक्षक होड्यांवर मशीनगन चालवली गेली. तरी शत्रू निघून गेल्यावर वाचलेले खलाशी परत चढले, आग विझवली आणि १८ नोव्हेंबरला जहाज फ्रीमँटलला आणलं. ‘बेंगाल’वर मात्र समज होता की टँकर बुडाला.

फ्रीमँटलहून लढणाऱ्या पाणबुड्यांतही डच होते. तिथून गस्तीला निघणाऱ्या ‘झ्वार्डविस’ या डच पाणबुडीने ऑक्टोबर १९४४ मध्ये जावाजवळ यू-१६८ ही जर्मन पाणबुडी बुडवली.

पोस्टला उत्तर देताना दुसऱ्या टोकाला जाणंही चूक ठरेल. ‘डच’ म्हणवणाऱ्या या जहाजांवर राबणारे हात बरेचसे जावाचे, चिनी आणि इतरांचे होते. त्यांचं युद्ध स्वातंत्र्याच्या आशेशी जोडलेलं होतं. डचांनी न्यू गिनीतल्या बोव्हेन दिगूलच्या छावणीत डांबलेले इंडोनेशियन राजकीय कैदी १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियात आणले, तेव्हा हे खलाशी आणि ते कैदी एका देशात आले. ऑगस्ट १९४५ मध्ये इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. डच सरकारने जावा परत घेण्यासाठी शस्त्रं आणि सैनिक जहाजांवर चढवायला घेतले, तेव्हा सप्टेंबरमध्ये इंडोनेशियन खलाशी ब्रिस्बेन आणि सिडनीत जहाजांवरून उतरले. ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी त्या जहाजांवर बहिष्कार टाकला. इंडोनेशियन खलाशांच्या जागी हिंदी खलाशी आणून जहाजं हलवायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनीही काम नाकारलं.