पात्र, अपात्र आणि कृषी केंद्राची वही

कास्तकाराच्या आत्महत्येची बातमी आली की आमच्या यवतमाळकडे दोन वाक्यं तयारच असतात. पेपरातलं, ‘कर्जबाजारीपणाला कंटाळून’. आणि पारावरचं, ‘प्यायचा हो तो’ नाहीतर ‘पोरीच्या लग्नात उधळले’. मला ही दोन्ही वाक्यं आता सहन होत नाहीत.

मागे राहिलेल्या घराला मिळणाऱ्या सरकारी मदतीचे निकष बघा. बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं, नापिकीमुळे ते थकलेलं हवं आणि वसुलीचा तगादा हवा. हे सिद्ध झालं तर प्रकरण पात्र, नाहीतर अपात्र. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. 2006 साली ठरलेली ही रक्कम. तेव्हापासून खताची बॅग, मजुरी, दवाखाना, सगळं कुठल्या कुठे गेलं.

पण माणूस बुडतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच कर्जात. सोसायटीचं खातं एकदा थकीत झालं, नवं-जुनं करणं (जुनं फेडून नवं घेणं) जमलं नाही, की पुढच्या जूनमध्ये पीककर्ज बंद. मग उरतं कृषी केंद्र, म्हणजे बियाणं-खताचं खासगी दुकान. तिथल्या वहीत आधी बियाणं चढतं, मग डीएपी खत, मग युरिया, मग एकामागून एक फवारण्या. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त. औषध कोणतं मारायचं तेही बहुतेकदा दुकानदारच सांगतो, कारण गावात दुसरं कोणी सांगायला येतच नाही. दिवाळी आली की पहिल्या वेच्याचा कापूस घरात ठेवायची सोय नसते. वेचाईचे पैसे मजुरांना त्याच आठवड्यात द्यायचे असतात, वहीवाला दारात असतो. हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी सीसीआयला (भारतीय कापूस निगम) आठ ते बारा टक्क्यांच्या आत ओलावा लागतो, पहिला वेचा ओला असतो, आणि केंद्रं तोवर सुरू झालेली असतीलच असं नाही. म्हणून कापूस गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याच्या गाडीत जातो, तो म्हणेल त्या भावात. हमीभाव जाहीर झालेला असतो, पण ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत तो पोचत नाही.

त्या वर्षी घरात कोणाचं ऑपरेशन निघालं की फायनान्सवाल्यांचा किंवा बचत गटाचा हप्ता सुरू होतो. यातल्या किती गोष्टी पात्र-अपात्रच्या त्या सरकारी फाईलमध्ये येतात?

कर्जमाफ्यांचंही तेच. 2008 च्या माफीत पूर्ण लाभाला दोन हेक्टरची अट होती. आमच्याकडचा सात-आठ एकरांचा कोरडवाहू कास्तकार तिथे ‘इतर शेतकरी’ ठरला, पूर्ण माफीबाहेर. 2017 ला दीड लाखापर्यंत माफी झाली, 2019 ला दोन लाखांपर्यंत. त्यातून खूप घरांना खरोखर श्वास घेता आला, ते नाकारायचं नाही. पण कृषी केंद्राच्या वहीला यातली कुठलीच माफी लागू नव्हती.

आणि शेतमजूर? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये शेतीवर जगणाऱ्या 11,290 जणांनी देशात जीव दिला. त्यातले 6,083 शेतमजूर होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. एकूण 11,290 पैकी एकट्या महाराष्ट्रातले 4,248. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांच्या मरणावर आपण बोलतच नाही.

दारूचं म्हणाल तर ती असतेही काही घरांत. झोप उडालेली असते, माणूस बोलणं टाकतो, चारचौघांत येत नाही. याला आजार म्हणायचं आणि उपचार करायचे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या ओळखीत कोणी असं गप्प झालं असेल तर नंबर देऊन मोकळे होऊ नका, शेजारी बसून लावून द्या. पण आजार आहे म्हणून वही खोटी ठरत नाही.

माझी मागणी साधी आहे. निकष बदला. कृषी केंद्राची उधारी, फायनान्स आणि गटाचे हप्ते, दवाखान्याचं कर्ज, सगळं चौकशीत नोंदवा. मजुराचं घरही त्यात घ्या. रक्कम आजच्या महागाईप्रमाणे ठरवा. खरेदी केंद्रं दिवाळीच्या आधी उघडा आणि कापूस वाळवायला, ठेवायला गावात शेड द्या. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडणार आहे. तुमच्याही गावात मांडा, मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.