विनाअनुदानित परदेशी वार्ताहर होऊ इच्छिणाऱ्यांस

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीत बसून परदेशी वार्ताहर होण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी नोकरीच्या फंदात पडू नये. नोकरीत पगार, विमा, परतीचे तिकीट आणि संपादकांची बोलणी एवढे सगळे मिळते. मुक्त वार्ताहराला त्यातली फक्त बोलणी मिळतात, आणि तीही ई-मेलला उत्तर आलेच तर.

बातमी कशाला म्हणतात हे शिकायला लांब जायला नको. आपली कोल्हापुरी चप्पल सुभाषनगरात पिढ्यान्‌पिढ्या शिवली जात होती, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले, तरी परदेशी वृत्तपत्रांच्या डेस्कच्या लेखी ती जन्मालाच आली नव्हती. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला मिरवल्या, तेव्हा कुठे तिचे बारसे झाले. म्हणून ज्या देशात जाल तेथील दुःखाचा मिलानशी किंवा लंडनशी काही संबंध लागतो का, हे आधी पाहावे. लागत नसल्यास युद्ध चालू असलेला देश निवडावा.

तेथील अर्थशास्त्र सोपे आहे. फ्रान्चेस्का बोरी या इटालियन मुक्त वार्ताहराने २०१३ साली सीरियातल्या अनुभवावरून लिहिले की, मजकूर अलेप्पोतून पाठवा किंवा रोममधून, एका लेखाचे ७० डॉलरच मिळतात. बंडखोरांच्या तळावर तोफांच्या माऱ्यात जमिनीवर टाकलेल्या गादीचे मात्र रात्रीला ५० डॉलर पडतात आणि गाडीचे दिवसाला २५०. हा हिशेब जुळत नाही म्हणून खचू नये. जुळत नाही म्हणूनच तर त्याला ध्येयवाद म्हणतात.

तूट भरून काढण्यासाठी तोच प्रसंग रेडिओलाही विकावा. खोलीत आवाज घुमू नये म्हणून भर उकाड्यात डोक्यावरून घोंगडे घेऊन बोलावे. दिवसभर वणवण करून ज्यांना बोलते केले ती माणसे चाळीस सेकंदांत मावत नाहीत. गोळीबाराचा आवाज मात्र मावतो, तेवढा आठवणीने टिपून ठेवावा.

जिवाची काळजी स्वतः घ्यावी. एप्रिल २०११ मध्ये लिबियातील मिसराता येथे छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन जखमी होऊन रक्तस्रावाने गेले. त्यानंतर त्यांचे मित्र सेबॅस्टियन युंगर यांनी मुक्त पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी संस्था काढली. मित्र असे जोडावेत. संपादकांकडे हा विषय काढू नये, त्यांना अवघडल्यासारखे होते.

बातमी खरोखर मोठी झाली की मुख्यालयातून पगारी वार्ताहर विमानाने येईल. त्याला आपला गाडीवाला, दुभाषा आणि कष्टाने मिळवलेले फोन नंबर हसतमुखाने द्यावेत, आणि रात्री टीव्हीवर तो आपलीच वाक्ये म्हणू लागला की आवाज वाढवावा.

मानधन कधी काळी आलेच, तर बँक पर्पज कोड, म्हणजे परदेशातून आलेले पैसे कशाचे, ते विचारते. तेथे पत्रकारितेचा उल्लेख केल्यास रांगेतला मागचा माणूस, “म्हंजे पगारी न्हाई व्हय?” असे विचारल्याशिवाय राहत नाही. त्यापेक्षा वडिलांना पाठवावे आणि “पोरगं फॉरेनला असतंय,” एवढेच बोलायला सांगावे. बसायला खुर्ची मिळते.