धूर नुसता डोळ्यांत जात नाही

खानापूरकडच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘आपल्या आज्ज्या चुलीवर रांधून नव्वदीपर्यंत जगल्या. गॅस आला आणि हार्ट अटॅक, कॅन्सर आले. चुलीचा धूर जंतू मारतो; त्रास झालाच तर बायकांच्या डोळ्यांना.’ चुलतभावानंच पाठवलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

नव्वदी गाठलेली आज्जी आठवते, कारण ती आपल्याला भेटली. तिची धाकटी जाऊ कुणाला आठवत नाही. तिनं जन्मात विडी ओढली नव्हती. तरी पन्नाशीतच न्हाणीपर्यंत चालली की दम लागून उंबऱ्यावर बसायची. विडी न ओढणाऱ्या बायकांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसून कायमचा दम लागणारा फुफ्फुसाचा आजार, होतो त्याचं मोठं कारण चुलीचा धूर आहे.

जंतूंचं म्हणाल, तर ह्याच धुरानं लहान लेकरांना न्यूमोनियाचा धोका वाढतो.

हार्ट अटॅकचं मात्र नीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० साली घरातल्या धुरामुळं जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. त्यातली ३२ टक्के हृदयविकारानं, २३ टक्के पक्षाघातानं. म्हणजे निम्म्याहून जास्त! फुफ्फुसाचा कॅन्सर ६ टक्के. लाकूड, शेणी जळताना उडणारे अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसात खोल शिरतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात, रक्ताच्या गुठळ्या व्हायला मदत करतात. कार्बन मोनॉक्साइड तर हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो, मग कमी ऑक्सिजनवर हृदयाची ओढाताण होते.

ह्यात बाई-बाप्या असा भेद नाही. धूर बायकांच्या वाट्याला जास्त येतो, मोतीबिंदूचा धोकाही त्यांनाच जास्त, हे खरंच. पण आषाढात कणकुंबी-जांबोटीकडं झड लागली की दारं-खिडक्या बंद, जळण ओलं, आणि चुलीपुढं शेकायला कोण बसतं? पहाटे न्हाणीतला हंडा तापवायला आमचे बाबाच उठायचे. ओल्या लाकडावर फुंकणी मारून मारून डोळे लाल व्हायचे, आणि तिथंच निखाऱ्यावर विडी पेटायची. पुरुषांत हृदयविकार आधीच जास्त, त्यात विडी, त्यात हा धूर. गुऱ्हाळात चुलवाणात चिपाड घालणाऱ्या गड्याचं तर विचारूच नका.

कॅन्सरबद्दल थोडक्यात: दगडी कोळशाच्या घरगुती धुरानं कॅन्सर होतो हे पक्कं ठरलंय, लाकडाचा धूर ‘बहुधा कारणीभूत’ ह्या गटात आहे. गॅसही अगदी निर्दोष नाही. त्याच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, दम्याच्या मुलांना तो बाधतो, म्हणून खिडकी उघडी हवीच. पण बारीक कणांच्या बाबतीत गॅसची चुलीशी बरोबरी होत नाही.

भाकरी चुलीवरचीच गोड लागते, मलाही. सिलिंडरला दरवेळी पैसे जुळत नाहीत, हेही कळतं. मग दादा, आधी न्हाणीतली चूल तरी बाहेर काढ, पाण्याला रोज किती जळण लागतं ते बघतोसच. वर छप्पर लागेल. आमच्या परड्यात दोन पत्रे पडून आहेत, घेऊन जा.